अर्ज कधी पाठवायचा?

गणपती उठले की आमच्या मीरा-भाईंदरमध्ये परदेशी शिक्षणाच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. मी महाविद्यालयात शिकवते. शिफारसपत्रं मागायला मुलं येतात, आणि पत्राआधी त्यांना विचारायचं असतं ते वेगळंच: मॅडम, आत्ता टाकू की थांबू? जीआरईची परीक्षा पुन्हा देऊ? दोन वर्षं नोकरी करून मग जाऊ?

बहुतेक जण शेवटच्या तारखेवर नजर ठेवून असतात. अमेरिकेत पीएचडीच्या पुष्कळ विभागांची मुदत १ किंवा १५ डिसेंबरला संपते. एमएसची अनेक ठिकाणी त्यानंतरही चालते. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर डिसेंबरात रात्रीचे ११.५९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे १०.२९ झालेले असतात. म्हणजे एक रात्र जास्तीची मिळाली, असा हिशेब होतो. त्या रात्री लिहिलेले एसओपी (अर्जासोबतचे उद्देश सांगणारे निबंध) मी वाचले आहेत. नाव बदललं तर ते कुणाचेही होतील.

माझ्या मते तारीख ठरवावी ती आपल्या हातात नसलेल्या कागदांवरून. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने द्यायची असते, शिफारसपत्र शिक्षकाने. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल इतके रखडले की परदेशात प्रवेश मिळालेली मुलंही गुणपत्रिकेसाठी अडकून पडली. त्यांची तयारी कुठेही कमी नव्हती.

आणि घर? आमच्या भागात कित्येकांच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत. शैक्षणिक कर्जाला तारण काय ठेवायचं, धाकट्या भावंडाच्या फीचं काय, हे बोलणं प्रवेशाचं पत्र आल्यावर निघतं. तेव्हा आई-वडिलांना नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही. हे बोलणं अर्जाआधी व्हायला हवं. ते टाळून अर्ज केलेला मुलगा परक्या देशात पहिल्या दिवसापासून ओझं घेऊन वावरतो, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

पण सगळं जुळून येईपर्यंत थांबणंही मला पटत नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी रीतसर अर्जाचं पत्र लिहिलं ते अमेरिकेत पोहोचल्यावर, जूनमध्ये. वय अठरा. आपलं पूर्वशिक्षण नियमांत पुरतं बसणार नाही, याची कल्पना त्यांनी पत्रातच दिली होती. आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी आहे, हे कारण मात्र त्यांच्याजवळ पक्कं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

म्हणून जीआरईचे चार गुण वाढवण्यासाठी वर्ष घालवू नका. तो निकाल पाच वर्षं चालतो. काय शिकायचं आणि कशासाठी, हे अजून सांगता येत नसेल, तर मात्र खुशाल थांबा, नोकरी करा. त्यात कमीपणा नाही. आणि शिफारसपत्र हवं असेल तर सप्टेंबरातच या, एसओपीचा कच्चा मसुदा घेऊन. नोव्हेंबरच्या अखेरीस आलात तरी पत्र मी देईन, पण तुमच्याबद्दल जे लिहायला हवं, ते लिहायला मला वेळ उरणार नाही.