न दुखणारी गाठ

मराठी माणसाला गाठींचं मोठं प्रेम. आपली लग्नगाठ स्वर्गात बांधलेली असते, वाटेत ओळखीचा माणूस भेटला की त्याची गाठ पडते, कोणी वाकड्यात शिरला तर ‘गाठ माझ्याशी आहे’ असा त्याला दम भरता येतो, आणि एखादी गोष्ट विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारतात. पोटाला चिमटा घेऊन चार पैसे गाठीला बांधणाऱ्याचं तर आपल्याकडे कोण कौतुक! ज्या भाषेने एवढ्या गाठी जपल्या, ती बोलणाऱ्यांनी अंगावरची एखादी गाठही वर्षानुवर्षं जपून ठेवली तर नवल ते काय?

मी पेशाने सर्जन. आमच्या या शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हापासून मी इथे लोकांच्या गाठी पाहत आलो आहे. पैठण, कन्नड, सिल्लोडहून एस.टी.ने येणारा रोगी आणि गुलमंडीवरून रिक्षाने येणारा रोगी यांच्या बोलीत पुष्कळ फरक असतो, पण खुर्चीवर टेकल्यावर दोघांचंही पहिलं वाक्य एकच असतं : “डॉक्टर, गाठ आहे, पण दुखत नाही हं!” एखाद्या बापाने ‘मुलगा नापास झाला, पण थोडक्यात’ असं सांगावं, तशा समाधानाने हे वाक्य उच्चारलं जातं. माझं समाधान मात्र त्या ‘दुखत नाही’पाशीच ढळतं.

दुखणं हा आपला जुना आणि प्रामाणिक पहारेकरी आहे, यात शंका नाही. पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. ते ठणकतं, ताप आणतं, माणसाला लंगडायला लावतं. जंतूंशी लढाई जुंपलेली असते, गाठ दोन दिवसांत भराभर फुगते, तिच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि माणूस मुकाट्याने दवाखान्याची वाट धरतो. कर्करोगाची तऱ्हा निराळी. तो आपल्याच पेशींतून उपजलेला. त्याची वाढ बहुधा संथ असते. सुरुवातीला ना सूज, ना ताप, ना ठणका. आजूबाजूच्या मज्जातंतूंवर किंवा हाडावर त्याचा दाब पडू लागला म्हणजे मग वेदना सुरू होते. म्हणजे पहारेकरी ओरडतो तेव्हा चोर माजघरात पोचलेला असतो. प्रत्येक न दुखणारी गाठ कर्करोगाची असते असं मुळीच नाही. उलट बहुसंख्य निरुपद्रवीच असतात. पण साधी कोणती आणि घातकी कोणती, हे दुखण्यावरून ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मानेचंच उदाहरण घ्या. शरीरात ठिकठिकाणी लसिकाग्रंथी म्हणून घेवड्याच्या दाण्यांएवढ्या चौक्या आहेत. दात किडला, घसा बसला, डोक्यात उवा-खरजेने जखम झाली, तरी मानेतल्या या ग्रंथी फुगतात आणि काम झालं की ओसरतात. आठवडे गेले तरी ओसरल्या नाहीत, माळेसारख्या एकीला एक चिकटू लागल्या, तर आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा. आपल्या आज्या त्याला गंडमाळ म्हणत. फुप्फुसाचा क्षय खोकून खोकून स्वतःची जाहिरात करतो. हा मानेतला क्षय रुमालाखाली दडून राहतो. नेमकं निदान झालं तर तो बहुधा औषधांनीच बरा होतो. पण तोंडात तंबाखूची गोळी किंवा सकाळ-संध्याकाळ मिश्री असणाऱ्याच्या मानेत टणक गाठ आली, की मी मान सोडून आधी तोंडात बॅटरी टाकतो. पुष्कळदा जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत एक न भरणारी जखम सापडते. गाठ ही तिची पाठवलेली चिठ्ठी असते.

आणि मग ते थायरॉईड! “मला थायरॉईड आहे,” असं हल्ली दर तिसरी बाई सांगते. मी म्हणतो, “बाई, मलाही आहे. देवाने सगळ्यांनाच दिली आहे.” जेमतेम वीस ग्रॅम वजनाची ही ग्रंथी श्वासनळीला बिलगून बसलेली असते, म्हणून घोट घेताना ती वर सरकते. आम्ही सर्जन लोक रोग्याच्या हातात पाण्याचा पेला देतो तो पाहुणचार म्हणून नव्हे. गिळताना गाठ वर सरकते का, ते पाहायचं असतं. तिचा रस कमी पडला तर माणूस सुस्तावतो, फुगतो. जास्त झाला तर छाती धडधडते, वजन उतरतं. गाठ असून रस अगदी बेताचा, असंही होतं. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून गाठीची चौकशी संपली असं समजू नये. आणि गाठ आहे म्हणून कर्करोगच, असंही समजू नये.

गलगंडाची कथा तर आशा वाटावी अशी आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा विचार एकाच अध्यायात केलेला आहे, इतकं हे दुखणं जुनं. हिमालयाच्या पायथ्याला गावंच्या गावं गळ्यात गलगंड घेऊन जगत होती. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात लोकांच्या मिठात आयोडीन घालून पाहिलं आणि काही वर्षांत तिथला गलगंड ओसरू लागला. १९६२ साली सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. ज्या गाठीवर सर्जनने सुरी परजायची, ती चिमूटभर मिठाने नाहीशी केली! असा पराभव कोणत्याही सर्जनने आनंदाने पत्करावा.

माझ्याकडे येणारी माणसं साधारण दोन जातींची. पहिली जात भित्र्यांची. एखाद्या कॉलेजकुमाराच्या काखेत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. तो ती दिवसातून चाळीस वेळा चाचपतो, चाचपून चाचपून ती हुळहुळी होते, आणि मग ‘आता दुखायलाही लागली’ म्हणून रात्रभर जागतो. एखाद्याच्या जबड्याखालची गाठ चिवडा-चकली समोर आली की फुगते आणि तासाभराने बसते; लाळेच्या नळीत बारीकसा खडा अडकलेला असतो, पण तो मृत्युपत्राच्या गोष्टी बोलू लागतो. या जातीला हसून घरी पाठवता येतं.

दुसरी जात शूरांची, आणि तिच्यात बायका फार. “कायबी दुखत न्हवतं, मंग कशाला दाखवायचं?” असं म्हणत चाळिशी-पन्नाशीची एखादी बाई पदर सरकवते आणि छातीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली दिसते. “मावशी, कधीपासून?” असं विचारलं की एक पंचांगच उलगडतं. आधी कापूस वेचायचा होता. मग धाकटीचं लग्न निघालं, आणि आईला असलं काही आहे हे कळलं तर सोयरीक मोडायची भीती. मग सून बाळंतपणाला माहेरी गेली. मग दिवाळी आली. मराठवाड्यातली कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्या बाईची गाठही उसाच्या फडात पाच-सहा महिने हिंडून उन्हाळ्यात परत येते. येते ती लिंबाएवढी होऊन. घरातलं प्रत्येक काम उरकल्यावर स्वतःकडे पाहायचं, हा आपल्या बायकांचा शिरस्ता. आणि घरातलं काम उरकलेलं कुणी पाहिलं आहे? एस.टी.चं भाडं, बुडणारी मजुरी आणि ‘मालकांना विचारते’ ही परवानगी, एवढे तीन उंबरे ओलांडून ती माझ्यापर्यंत येते. म्हणून तिला रागावण्याची माझी छाती होत नाही.

या शूरांना अडवणारी आणखी एक समजूत आहे : ‘लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो.’ तिचा उगम मला कळतो. रोगी फार उशिरा येतो, ऑपरेशन होतं, रोग आधीच पसरलेला असतो, सहा महिन्यांत माणूस जातो. गाव सांगतं, सुरी लागली म्हणून गेला. खरं म्हणजे उशिराने गेलेला असतो, आणि आळ येतो सुरीवर. बारीक सुईने गाठीतल्या चार पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याने रोग अंगभर उधळत नाही. उलट त्या चार पेशींवरून पुढे औषध द्यायचं, चाकू लावायचा की नुसतं ‘जा घरी’ म्हणायचं, ते ठरतं.

वेळेवर पाहिल्याने काय साधतं, याचा पडताळा आपल्याच मुलखात मिळालेला आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली गेली. आणि तपासणाऱ्या कोणी मोठ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गाठी लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण बायकांत मात्र मृत्यूंत असा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दुसरा पडताळा तर मराठवाड्यातलाच. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ बायकांचा असाच अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने त्यातले एक संशोधक. रोग होता गर्भाशयाच्या मुखाचा. गाठ होण्याच्याही आधी, काहीच दुखत नसताना हुडकायचा. एका गटात विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली. आठ वर्षांत त्या गटात या रोगाने ३४ बायका दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या उरलेल्या तीस बायका आज कुठेतरी भाकऱ्या थापत असतील, नातवंडांवर ओरडत असतील. आपण वाचलो हे त्यांना ठाऊकही नसेल.

‘मुंबईला कोण नेणार?’ ही सबबही आता जुनी झाली. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडलं तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाला ते चंद्राइतकं दूर होतं. आमच्या शहरात १९५६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याच्या इस्पितळाला सारा मुलूख ‘घाटी’ म्हणून ओळखतो. आणि २०१२ पासून आमखास मैदानाजवळ सरकारी कर्करोग रुग्णालयही आहे.

तेव्हा दाखवायचं काय? तीन आठवड्यांत न बसलेली कोणतीही गाठ. टणक, खाली रुतलेली किंवा वाढत चाललेली गाठ तर लगेच. छातीवरची कातडी ओढली गेली, बोंड आत वळलं, त्यातून रक्त आलं; पुरुषाच्या छातीतली गाठसुद्धा. तोंडातली न भरणारी जखम. गळ्यातल्या गाठीबरोबर बसलेला आवाज. एवढी यादी पुरे.

नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लागतं. वर्षातून एकदा तरी घरातल्या प्रत्येकाच्या मानेवरून, काखेतून, पाठीवरून हात फिरतो, आणि घरच्या बाईला मात्र शेवटी, घाईघाईने, स्वतःच्याच हाताने तेल चोपडावं लागतं. यंदा तिने जरा सावकाश चोपडावं. बोटांना काही नवं लागलंच तर घाबरू नये, लपवू नये, आणि दुखतं का याची वाट तर मुळीच पाहू नये. भाऊबीज झाली की आमचे दवाखाने पुन्हा सुरू होतात. येताना फराळाचा डबा आणला नाहीत तरी चालेल. पण पुढच्या दिवाळीपर्यंत थांबून येऊ नका.