तात्पुरत्याची झाडलोट

रात्रीच्या बॅचमध्ये व्याज लावणारे, स्टेटमेंट काढणारे जॉब सगळ्यांना ठाऊक असतात. कालच्या कामचलाऊ फायली पुसणारी पहिली पायरी मात्र कोणी धड वाचतही नाही. माझी नोकरी तिच्याभोवतीच फिरत राहिली. ऑन-कॉलचा फोन वाजला की बहुधा तीच पडलेली असायची, आणि तीही अधूनमधून. रोज पडणारा जॉब परवडला. एकदा धरला की सुटतो. अधूनमधून पडणारा रीस्टार्ट केला की निमूट चालतो, आणि सकाळी सगळे म्हणतात, ‘झालं ना? मग सोड.’ सासूबाई विचारायच्या, ‘रात्री दोनला उठून काय पुसत बसतेस गं?’

नव्वदच्या दशकात सीप्झमध्ये मेनफ्रेम शिकले, तेव्हा आयबीएमचा आयईएफबीआर१४ पाहिला. हा प्रोग्राम काहीच करत नाही. फाईल तयार करणं, पुसणं हे जेसीएलच्या, म्हणजे जॉबच्या पायऱ्या मांडणाऱ्या भाषेच्या, ओळी वाचून सिस्टिमच करते. त्यासाठी एक पायरी चालायला हवी, म्हणून हा नावापुरता. मुळात त्यात एकच सूचना होती: आलात तसे परत जा. त्यातही दोष निघाला! निकालाचा कोड १५ नंबरच्या रजिस्टरमधून वाचतात, आणि परतताना ते शून्य केलेलंच नव्हतं. तिथे आधीचं काय उरलं असेल तो निकाल. मग शून्य करणारी दुसरी सूचना घातली. प्रोग्राम एकदम दुप्पट झाला, असं मेनफ्रेमवाले अजून हसत सांगतात.

पुढे एका बँकेच्या कामात आयडीकॅम्स या मेनफ्रेमच्या फाईल-युटिलिटीची डिलीट कमांड रोजची झाली. पुसायची फाईल सापडली नाही की ती ८ कोड देते. नसलेली फाईल पुसली गेली नाही तर बिघडलं काय, म्हणून खाली मॅक्ससीसी, म्हणजे पायरीचा अंतिम कोड, शून्य करणारी ओळ लिहायची पद्धत आहे. एका जेसीएलमधून दुसऱ्यात ती बिनदिक्कत उतरवली जाते. मला ती ओळ कधीच पटली नाही. फाईल दुसऱ्या कोणी धरून ठेवली असली तरी कोड ८च येतो. ती ओळ दोन्ही गिळते. साफसफाई यशस्वी ठरते, पुढची पायरी त्याच नावाची फाईल नव्याने करायला जाते आणि आपटते. मग सगळे त्या निरपराध पायरीचा कोड चाळत बसतात.

आमच्याकडे फाईल धरणारे निघाले रिपोर्ट टीममधले एक सज्जन. फाईल ब्राउझमध्ये उघडी ठेवून ते जेवायला जायचे. नुसतं बघायला उघडली तरी सिस्टिमच्या लेखी ती वापरात असते, आणि पंगत उठल्याशिवाय पत्रावळी उचलता येत नाहीत. हे लॉग वाचून उमगलं नाही. जॉब पडलेल्या तारखांशेजारी शिफ्टचा तक्ता ठेवला तेव्हा उमगलं.

नंतर हिंजवडीला लिनक्सवर आले तर तऱ्हा उलटी. तिथे उघडी फाईलसुद्धा खुशाल पुसली जाते. नाव जातं, जागा मात्र शेवटचा वापरणारा ती बंद करेपर्यंत सुटत नाही. साफसफाई रोज हिरवी आणि डिस्क तरी भरलेली! महिनाअखेरीची गंमत वेगळी: आरएमपुढे तारका टाकली की शेल सगळी नावं एकाच कमांडमध्ये ओवतं, आणि फायली फार झाल्या की यादी लांब झाली म्हणून कमांड सुरूच होत नाही. एरवी तीच ओळ बिनतक्रार चालते. विंडोजवर अँटीव्हायरस नेमका त्याच क्षणी फाईल तपासत असतो आणि ती पुसली जात नाही, हेही पाहिलं.

तुमच्याकडे असा जॉब असेल तर एवढं करा. प्रत्येक जॉबला तात्पुरत्या फायलींची स्वतःची जागा द्या. दोघांनी एकच नाव वापरू नये. आणि रात्री फोन आला तर रीस्टार्ट करण्याआधी ती फाईल कोणाच्या हातात आहे ते बघून लिहून ठेवा. मेनफ्रेमवर डी जीआरएस, लिनक्सवर एलएसओएफ. मिनिटभराचं काम आहे. धरणारा सुटला की मागे काही पुरावा राहत नाही.