तीन मुली

जांबोटीच्या आमच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ची छापील प्रत आहे. जुन्या कॅलेंडरचं पान कापून मीच चौकटीत बसवलं होतं. आमच्याकडचा पाऊस ठाऊक असेलच. काचेआड ओल शिरून एक कोपरा पिवळा पडलाय.

मूळ चित्र १९३५ सालचं, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातलं. बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७ साली त्याला सुवर्णपदक दिलं. चित्रात घडत काहीच नाही. तिघी जणी खेटून बसल्यात, मागं ना घर ना दार, आणि तिघींचेही डोळे खाली. एकमेकींकडे कुणी पाहत नाही, आपल्याकडेही नाही. लग्नाची, नशिबाची वाट पाहणाऱ्या उदास मुली, असं मी आल्यागेल्याला मोठ्या ऐटीत सांगत असे.

गेल्या श्रावणात काकू त्या चित्राखाली गवार मोडत बसली होती. काकू बैलहोंगलकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता.

“उदास कुठल्या रे?” ती म्हणाली. “ऐकायला लागल्यात त्या. आत मोठी माणसं बोलत असणार. मधलीला सगळं कळतंय, म्हणून गप्प हाय. कडेच्या दोघींना निम्मंच.”

मी चित्राकडे पाहतच राहिलो. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात एक कलती स्त्री आहे. तिला कितीतरी वर्षं ‘मरणोन्मुख राजकुमारी’ म्हणत. पुढं अभ्यासकांनी ओळखलं, की ती नंदाची पत्नी सुंदरी. नवरा भिक्षू झाल्याचं कळून कोसळलेली. मान तीच, डोळे तेच. आपण मात्र भलतंच वाचत होतो. (अमृतानं अजिंठा पाहिला तो हे चित्र काढून झाल्यावर, १९३६च्या अखेरीस.)

“तुला कसं कळलं, काकू?”

“मी अशीच बसत होते नव्हं का पहिली दोन वर्षं!”

खरंच बसायची. बायका पापड लाटत, हसत. काकू मान खाली घालून. काय झालं विचारलं तर “एन इल्ल,” एवढंच. आम्ही पोरं अंगणात ते ‘एन इल्ल’ वेडावून दाखवत नाचायचो. आई म्हणायची, मानी आहे ती. आम्हीही तेच धरून चाललो. ती आमच्या तोंडातून शब्द वेचत होती, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

“ह्यातली तू कुठली?” मी विचारलं.

हातातल्या शेंगेनं तिनं कडेची दाखवली. “ही. आणि मधली तुझी आई.”

“आई तुला मानी म्हणायची, ते...”

“ठाऊक हाय की. ‘मानी’ म्हणजे काय, ते मी शेजारच्या म्हातारीला विचारून घेतलं होतं.” तिनं देठांचा कचरा पदरात गोळा केला. “तिला पण कळलं होतं, मला कळलंय म्हणून. म्हणून तर ती बघत नव्हती माझ्याकडं.”

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. काकू आत गेली, आणि मी मधल्या मुलीचे डोळे पुन्हा पाहू लागलो.