तालमीला जागा

गिरणीचा तलाव अजून आहे. मुंबईतल्या काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 च्या आवारातला. याच आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा महापालिकेचा बेत आहे. कारंजं, भित्तिचित्रं, कापडाचा इतिहास, सगळं व्हावं. पण मला राहून राहून वाटतं, या जागेचा आराखडा माणसांच्या आवाजापासून सुरू व्हावा.

गिरणगावाची कला घडली ती दहा बाय दहाच्या खोल्यांत, पाळीपाळीनं झोपणाऱ्या माणसांच्या जागरणांतून. पाळी सुटली की गाववाल्यांच्या खोलीत मृदंग निघायचा, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब झडायचे. तळकोकणातल्यांचा दशावतार, घाटावरच्यांचा तमाशा, चाळीचं भजन. लालबागच्या हनुमान थिएटरात ढोलकी कडाडायची, परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं व्हायची. स्वतः गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांना घेऊन 1944 मध्ये लालबावटा कलापथक काढलं, त्याला चाळीचं पटांगण पुरलं. आणि या सगळ्यांना दोन्ही वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया! त्यांची चूल पेटली नसती तर रात्रीची एक तालीम उभी राहिली नसती.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बहुतेकांसाठी गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. 1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: शहराच्या मोकळ्या जागांना, घरांना आणि मालकांना. 2001 मध्ये नियम बदलला आणि इमारती उभ्या असलेली जमीन वाटणीतूनच गळली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. लोकांच्या वाट्याला त्यामुळे फार थोडं उरलं. काळाचौकीचा तुकडा त्या थोड्यातला आहे, म्हणून त्यात इतका जीव गुंततो.

गिरण्यांची ती करवती छपरं आठवा. उत्तरेकडून उजेड घ्यायची, ऊन आत येऊ न देता. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, तुटलेला धागा दिवसभर सारखा दिसावा म्हणून ही योजना. चित्रकाराला, वेशभूषा शिवणाऱ्याला, रंगपट मांडणाऱ्याला याहून चांगला उजेड कोणता? जिथं असं छप्पर असेल तिथं ते राखावं. नवं बांधायचं तर याच रीतीनं बांधावं. खाली तालमीच्या खोल्या हव्यात, जाड भिंतींच्या, म्हणजे रात्री उशिरापर्यंत ढोलकी वाजली तरी शेजारच्या चाळीतलं लेकरू दचकणार नाही. एक मोठं स्वयंपाकघर हवं, बचत गटांच्या हाती दिलेलं. आणि मधलं मैदान खुर्च्या न रोवता मोकळं सोडावं. दशावताराचं बाकडं आणि शाहिराचा डफ आपापली जागा करून घेतात.

आराखडा काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुख्य दार चाळींच्या बाजूला काढा. खोलीचं भाडं भजनी मंडळाला परवडेल एवढंच ठेवा. आणि कागदावर रेघ ओढण्याआधी जुन्या कामगारांना बोलवा. संपाच्या वेळी विशीत असलेला साचेवाला आज साठी ओलांडून गेला आहे. त्याला विचारायचं ते याच वर्षी विचारा.