उशाशी रेडिओ: काही टिपणं

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात काउंटी हॉस्पिटलच्या खाटांशी १९२५ साली हेडफोन आले. बीबीसी सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. ब्रिटनमधल्या हॉस्पिटल रेडिओचा, म्हणजे रुग्णांसाठी स्वयंसेवक चालवतात त्या रेडिओचा, इतिहास इथून मोजतात. मोफत उपचार देणारी एनएचएस आली त्यानंतर, १९४८ मध्ये. रुग्णाचं मन रमवणं हाही शुश्रूषेचाच भाग आहे, हे तिथल्या लोकांनी इतक्या लवकर ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

*

पुढचा टप्पा फुटबॉलचा. न्यूकॅसलचं 'रेडिओ टाइनसाइड' १९५१ साली सुरू झालं ते सेंट जेम्स पार्क या तिथल्या फुटबॉल मैदानावरच्या सामन्यांचं धावतं वर्णन वॉर्डांपर्यंत पोचवण्यासाठी. शनिवारी दुपारी आपला संघ गावात खेळतोय आणि आपण प्लास्टरमधला पाय टांगून पडलोय, हे दुःख फुटबॉलवेड्या गावालाच कळतं. वर्णन करणारे हौशी होते. पण खाटेवर पडून नुसतं ऐकणाऱ्या माणसासाठी बोलायचं, तर चेंडू या क्षणी नेमका कुठे आहे ते सतत सांगत राहावं लागतं. अशीच वर्णनं पुढे काही मैदानांवर अंध प्रेक्षकांनाही हेडफोनवर ऐकवली जाऊ लागली.

*

मायक्रोफोनपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती वॉर्डातली फेरी. संध्याकाळी गळ्यात ओळखपत्र घातलेले स्वयंसेवक येतात. आधी सिस्टरला विचारायचं: आज कुणाला त्रास द्यायचा नाही? मग हात जंतुनाशकानं चोळायचे आणि एकेका खाटेपाशी जायचं. हातात फर्माईशीची चिठ्ठी: नाव, वॉर्ड, गाणं, कुणासाठी. बस्स. 'काय झालंय तुम्हाला?' हे विचारायचं नाही. रुग्णानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं, आणि ते तिथेच ठेवायचं. रेडिओवर आजाराचा उल्लेख येत नाही.

बहुतेकांचं पहिलं उत्तर एकच: "काहीही लावा." नवखा स्वयंसेवक ते लिहून पुढे सरकतो. मुरलेला थांबतो. तो विचारतो, "तरुणपणी नाचायला कुठे जायचात? तेव्हा कोण गायचं?" पडून असलेल्या आजी मग कोपरावर रेलतात. हॉलचं नाव निघतं, बँडचं नाव निघतं, मग नवऱ्याचं. गाण्याचे शब्द आठवत नसले तर चाल गुणगुणून दाखवतात. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, "अहो, ते गाणं ते नव्हेच!" दिवसभर एकमेकींशी न बोललेल्या दोघी वाद घालू लागतात. गाणं लागायला अजून तासभर असतो, पण निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

*

हॉस्पिटलात दिवसभर प्रश्नच प्रश्न. जन्मतारीख सांगा. दुखतंय का? कुठे? पोट साफ झालं का? गोळी घेतली का? सगळे आवश्यक, आणि सगळे शरीराबद्दल. 'तुम्हाला काय आवडतं?' हे विचारायला येणारा माणूस बहुधा या रेडिओचाच असतो. त्याला रक्त नको असतं, सही नको असते. त्याला नकारही देता येतो, आणि ज्याच्या हातात दुसरं काहीच उरलेलं नाही, त्याला एवढं 'नको' म्हणता येणंही मोलाचं असतं.

*

हे करतं कोण? पगार नाही. बहुतेक स्टेशनं म्हणजे छोट्या धर्मादाय संस्था. पैसा येतो देणग्यांतून आणि दानाचे डबे फिरवून. निवृत्त शिक्षक, दुकानातली विक्रेती, कॉलेजची मुलं. वॉर्डात जाण्याआधी त्यांच्या गुन्हेगारी नोंदी तपासल्या जातात, जंतुसंसर्ग टाळण्याचं शिक्षण दिलं जातं. काहींचा इथून व्यवसाय घडतो: ग्लासगोच्या हॉस्पिटल रेडिओवर केन ब्रूस घडले, आणि पुढे २०२३ पर्यंत बीबीसी रेडिओ २ चे ते लाडके निवेदक होते. बीबीसीच्या निवेदिका जिल डँडो यांनीही वेस्टन-सुपर-मेअरमध्ये अशीच सुरुवात केली. पण माझा आदर आहे तो असे पुढे न गेलेल्यांबद्दल, वर्षानुवर्षं त्याच संध्याकाळी त्याच वॉर्डात येत राहणाऱ्यांबद्दल.

*

मुलांसाठी 'रेडिओ लॉलीपॉप' आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनजवळ कार्शल्टनच्या क्वीन मेरी बालरुग्णालयात तो सुरू झाला, आणि पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत पोचला. तिथे स्वयंसेवक मुलांशी खेळतात आणि मुलं स्वतः निवेदन करतात. सलाईन लावलेल्या मुलाला आपलं नाव अख्ख्या हॉस्पिटलात ऐकू जातंय हे कळतं, तेव्हा तो थोडा वेळ पेशंट राहत नाही.

*

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग याची गरज काय? प्रश्न रास्त आहे. काही स्टेशनं बंद पडली, काहींची जागा हॉस्पिटलनं इतर कामाला घेतली. २०२० मध्ये कोविडमुळे स्वयंसेवकांना वॉर्ड बंद झाले, तेव्हा अनेकांनी घरून कार्यक्रम केले. मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं, हे खरं. पण ते गाणं कोणतं हे आठवावं लागतं, शोधावं लागतं, आणि ऐंशी वर्षांच्या थरथरत्या बोटांना ते जमत नाही. शेजारी बसून आठवून देणारा माणूस लागतोच.

*

स्कॉटलंडमध्ये पत्रकार सॅली मॅग्नसन यांनी आईच्या स्मृतिभ्रंशाच्या अनुभवातून २०१३ मध्ये 'प्लेलिस्ट फॉर लाइफ' ही संस्था काढली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी त्याच्या आयुष्यातली गाणी जमवायची, हे तिचं काम. नावं पुसली जातात तेव्हाही तरुणपणीची गाणी पुष्कळदा टिकून असतात. मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि आईची भाषा मागे उरते.

साठ-सत्तरच्या दशकांत एनएचएसमध्ये काम करायला भारतातून डॉक्टर गेले, त्यांत मराठी डॉक्टरही होते. ज्या वॉर्डांत त्यांनी राउंड घेतले, तसल्याच वॉर्डांत आज त्या पिढीतले काही जण रुग्ण म्हणून पडलेले असतात. त्यांची फर्माईश इंग्रजी गाण्याची असेलच असं नाही. लता, बाबूजी, माणिक वर्मा यांची नावं चिठ्ठीवर लिहून घेणारं कुणीतरी तिथे हवं.

म्हणून ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना कळकळीची विनंती: जवळच्या हॉस्पिटलात रेडिओ आहे का, चौकशी करा, आणि आठवड्याची एक संध्याकाळ द्या. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या, १९३२ पासून उभ्या असलेल्या संस्थांनी हे काम अंगावर घ्यावं. आणि इकडे आपण कुणाला भेटायला हॉस्पिटलात जाऊ, तेव्हा रिपोर्टची चौकशी झाली की एक प्रश्न आणखी विचारावा: कोणतं गाणं ऐकायचंय?