तंजावरात तुकाराम

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाची नव्या गावाशी ओळख करून घेण्याची स्वतःची अशी एक रीत असते. कोणी पहिल्याच दिवशी मंडई गाठतो आणि वांग्यांच्या भावावरून गावाची नाडी ओळखतो. कोणी देवळात जातो, कोणी ग्रंथालयाची वर्गणी भरून येतो. माझी रीत जरा हलकीसलकी आहे. गावात कोणता चित्रपट लागला आहे, ते मी पाहतो. भिंतीवरची जाहिरात वाचली की या गावाला कशाचे हसू येते आणि कशाने त्याचे डोळे भरून येतात, याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. मंडईतले भाव रोज बदलतात. मनातले भाव बदलायला पिढ्या लागतात.

तंजावरला आलो तेव्हा मात्र माझी ही रीत लंगडी पडली. जाहिराती होत्या, भल्या मोठ्या होत्या. पण ती गोलमटोल तमिळ अक्षरे माझ्याकडे नुसती पाहत राहिली. शेवटी कचेरीतल्या एका सहकाऱ्याला विचारले. तो उत्साहाने म्हणाला, “सार, शिवाजी लागला आहे!” व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास जेथे भोसल्यांची गादी स्थापिली आणि जी १८५५ साली इंग्रजांनी खालसा केली, त्या नगरीत मी उभा होतो. मोठ्या अभिमानाने मी विचारले, “महाराजांवरचा चित्रपट?” त्याने माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले. “महाराज नव्हे सार, गणेशन!”

शिवाजी गणेशन यांचे घराणे तंजावरजवळच्या सूरक्कोट्टै गावचे. सी. एन. अण्णादुरै यांनी शिवछत्रपतींवर एक तमिळ नाटक लिहिले होते. त्यात या तरुण नटाने महाराजांची भूमिका अशी वठवली, की पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी त्याला ‘शिवाजी’ हे नाव बहाल केले, आणि ते जन्मभर टिकले. एकशेऐंशी वर्षे भोसल्यांनी जेथे राज्य केले, तेथे आज शिवाजी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम एक तमिळ नट उभा राहतो. याचे वाईट वाटून घ्यावे, असे पहिल्या दिवशी मला वाटले. पुढे वाटेनासे झाले. राज्ये जातात, आणि नाव मात्र अशा आडवाटेने, कोणाच्या तरी कलेचा हात धरून, घराघरात शिरते.

मला तंजावरात खरी ओळख करून दिली ती मोठ्या चित्रपटगृहाने नव्हे. मेल राजवीथीजवळच्या एका गल्लीत एक जुने चौकाचे घर आहे. तेथे महिन्यातून एका रविवारी, दिवेलागणीनंतर, चित्रपट दाखवतात. तिकीट नाही. ओसरीवर चपला काढायच्या, चौकात मांडलेल्या चटईवर किंवा खुर्चीवर बसायचे, मध्यंतरात पितळी डबरा-टंब्लरमधून कॉफी घ्यायची. घरमालकांच्या वडिलांच्या काळी यंत्र आणि रिळे भाड्याने आणीत आणि पडदा म्हणून धोतर बांधीत. आता जेवणाच्या डब्याएवढे यंत्र आहे आणि चित्रपट खिशात मावतो. दरवाजावर खडूने कार्यक्रम लिहिलेला असतो. वर तमिळमध्ये, खाली बारीक देवनागरीत. येता-जाता गल्लीतली पोरे विचारतात, “इन्निक्कि एन्न पडम?” म्हणजे, आज कोणता चित्रपट?

या मुलखाला असली हौस नवी नाही. जवळच्या तिरुचिरापल्लीत रेल्वेच्या कचेरीत नोकरीला असलेल्या सामिकण्णु व्हिन्सेंट यांनी १९०५ साली एका फ्रेंच माणसाकडून चित्रपटाचे यंत्र आणि फिती विकत घेतल्या, नोकरी सोडली आणि तंबू घेऊन ते गावोगाव फिरले. दक्षिणेतला फिरता चित्रपट त्यांनी सुरू केला. आपल्यासारख्या कागदांत बुडालेल्या मंडळींनी ध्यानात ठेवावी, अशी ही गोष्ट आहे.

गल्लीतल्या त्या घराचे मालक ऐंशीच्या घरातले. त्यांना सगळे ‘रायर’ म्हणतात. तंजावरात कित्येक पिढ्या राहिलेल्या मराठी देशस्थांना तमिळ लोक याच नावाने ओळखतात. पहिले दोन महिने रायर माझ्याशी केवळ इंग्रजीत बोलले. घरात आतून मराठी ऐकू येई, आणि मी ओसरीवर पाऊल टाकले की ती थांबे. तिसऱ्या महिन्यात कारण कळले. फार वर्षांपूर्वी आपल्याकडचे एक विद्वान गृहस्थ त्यांच्याकडे उतरले होते. त्यांनी या घरातले मराठी ऐकले, आणि ते हसले. मोठ्याने नव्हे, नुसते ओठांच्या कोपऱ्यात. पण तेवढे पुरले. तेव्हापासून महाराष्ट्रातून आलेल्या माणसापुढे मराठी बोलायचे नाही, असा या घराचा अलिखित नियम झाला. त्यांच्या बोलीची लय तमिळ आहे, काही शब्द आपण केव्हाच टाकून दिलेले आहेत, आणि काही शब्द सरळ तमिळमधून आलेले आहेत. तिचे नमुने मी येथे देत नाही. नमुना म्हणून दाखवली गेली की बोली लाजते.

एके दिवशी रायर म्हणाले, “पुढच्या रविवारी ‘संत तुकाराम’ लावावा म्हणतो. पण मुलांना चित्रपट कळणार नाही, आणि तुम्हाला आम्ही कळणार नाही.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “कोणी बसलंच नाही, तर मात्र हा शेवटचा. पुन्हा मराठी लावायचा नाही.”

‘संत तुकाराम’ हा प्रभात कंपनीचा १९३६ चा बोलपट. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेले, गौरी जिजाई झालेली. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दक्षिणेशी प्रभातचे नाते त्याहून जुने. कंपनी कोल्हापुरात असतानाच तिने ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ बोलपट तयार केला होता. मद्रासची गाणारी मुले त्यासाठी कोल्हापूरला गेली होती, आणि त्याची गाणी केली होती तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम् शिवन् यांनी. तुकोबा पुढे १९३८ साली तमिळ पडद्यावरही आले. ती भूमिका केली मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर या थोर गायकाने, आणि जन्मात त्यांनी केलेला चित्रपट तो एवढाच. म्हणजे तुकोबांना तंजावरचा रस्ता अगदीच अनोळखी नव्हता.

तरी पण त्या रविवारी चौकात बसताना माझ्या मनात धाकधूक होती. तीस-पस्तीस माणसे आली. निम्मी म्हातारी, काही मधल्या वयाची, आणि आईबापांनी हाताला धरून आणलेली सात-आठ मुले. चित्रपट सुरू झाला. पहिली काही मिनिटे सर्वत्र शांतता होती. परीक्षेच्या वर्गात असते तशी. पागनीसांनी अभंग उचलला, आणि माझ्या मागून एक थरथरता आवाज त्यात मिसळला. मग दुसरा मिसळला, मग चार. हात मांड्यांवर ताल धरू लागले. चाल चित्रपटातली नव्हती, त्यांची स्वतःची होती. पडद्यावरचे तुकोबा एका चालीत आणि चौकातली मंडळी दुसऱ्या चालीत, असा तो अभंग शेवटपर्यंत गेला. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

मला आश्चर्य वाटले, पण वाटायचे कारण नव्हते. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरात मठ स्थापिला. पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार येथे आले. त्यांचे कीर्तन ऐकून कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग, अंजनीगीत ही वृत्ते आपापल्या नावांनिशी त्या कथेत जाऊन बसली. येथल्या भजनपरंपरेत नामदेव-तुकारामांचे अभंग आजही म्हटले जातात, आणि म्हणणाऱ्यांत तमिळ मातृभाषेची माणसे कितीतरी असतात. त्यांच्या वह्या तमिळ लिपीत. त्या लिपीत क आणि ग यांना अक्षर एकच. त, थ, द, ध यांनाही एकच. गाथेतला शब्द त्या वहीत शिरताना आपले काही दागिने दाराबाहेर ठेवून येतो. पण येतो.

चित्रपटात एक गाणे आहे, जे पुष्कळांनी तुकोबांचाच अभंग म्हणून मानले. ते आहे शांताराम आठवले यांचे, चित्रपटासाठी लिहिलेले. ते सुरू झाले तेव्हा चौकातले सगळे आवाज थांबले. ते संपल्यावर मागचे एक वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “छान आहे, पण हा आमच्या वहीत नाही.” जे बनले आहे भल्याभल्यांना चकवण्याजोगे, ते या माणसाने नुसत्या वहीच्या बळावर ओळखले. आपल्याकडच्या कोणत्याही भाषापंडिताने या वहीला हसण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

यानंतर आली जिजाई. ती नवऱ्याला बोलते, विठोबाला बोलते, म्हशीवर जीव टाकते, आणि मूल आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन तरातरा देवळात शिरते. तिचे बोलणे खेड्यातले, धारेचे. मला वाटले, आता दुभाषी व्हावे लागणार. तोच रायरांच्या वृद्ध भगिनी, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणते, त्या खुदकन हसल्या. शेजारच्या सुना हसल्या. मग मुलेही हसली, आणि एक चिमुरडी आईला म्हणाली, “पाटीसारखी बोलते!” पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. आजींनी मान डोलावली आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाल्या, “हिचं मराठी पुस्तकातलं नव्हे हो, घरातलं आहे. घरातलं आम्हाला समजतं.”

या एका वाक्यावर मी पुढे पुष्कळ दिवस विचार केला. तंजावरात मराठी एके काळी सगळीकडे होती. दरबारात होती, दफ्तरात होती. मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे सरस्वती महालात अजून आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांचा वंशेतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत कोरवून ठेवला. रंगभूमीवर होती, शहाजीराजांच्या काळची मराठी नाटके येथल्याच संग्रहात सापडली. त्यातली दरबारातली मराठी दरबाराबरोबर गेली. दफ्तरातली कागदावर राहिली, आणि शिळेवरची शिळेवर. जिवंत राहिली ती दोनच ठिकाणी, माजघरात आणि देवघरात. एकीकडे पोराला रागे भरण्याची भाषा, दुसरीकडे देवाला आळवण्याची. चित्रपटातही शेवटी दोनच माणसे आहेत, जिजाई आणि तुकोबा. म्हणून तो या चौकात परका झाला नाही.

आणि मग मला आपली आठवण झाली. आपली म्हणजे हा अंक चंदीगड, गुवाहाटी किंवा विशाखापट्टणमच्या सरकारी निवासात बसून वाचणाऱ्या तुमची आणि माझी. आपणही थोडेफार रायरच आहोत, फक्त पहिल्या पिढीचे. आपल्या कचेरीत मराठी नाही, बाजारात नाही, मुलांच्या शाळेत नाही. तिसऱ्या बदलीनंतर मुलाच्या वाक्यात क्रियापद एका प्रांताचे आणि नाम दुसऱ्या प्रांताचे येऊ लागते. आपण त्याला टोकतो. पाहुण्यांदेखत टोकतो. मग ते मूल पाहुण्यांसमोर इंग्रजीत बोलू लागते, आणि आपण मंडळाच्या वार्षिक सभेत मातृभाषेच्या भवितव्यावर ठराव मांडतो. ठराव वाईट नसतात. पण तंजावरची मराठी ठरावांनी जगली असे मला दिसत नाही. ती रागावण्याने जगली, जेवायला हाक मारण्याने जगली, अर्थ अर्धामुर्धा ठाऊक असतानाही संध्याकाळी म्हटलेल्या अभंगाने जगली. तीन शतके तिला कोणी टोकले नाही. ज्या दिवशी कोणी ओठांच्या कोपऱ्यात हसले, त्या दिवशी ती ओसरीवरून उठून आत गेली.

चित्रपट संपला. तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला गेले, जिजाई मागे राहिली, आणि आजींनी पदराने डोळे पुसले. दिवे लागल्यावर रायरांनी डोकी मोजली. मध्यंतरानंतर कोणीही उठून गेले नव्हते. उलट रस्त्यावरची दोन तमिळ मुले दारात येऊन बसली होती. पुढल्या महिन्यात काय लावायचे, यावर हात वर करून मते घेण्याची तेथे पद्धत आहे. मला वाटले, या उमाळ्यात दुसरा मराठी चित्रपट निवडला जाईल. पण बहुमत पडले ‘तिल्लाना मोहनांबाळ’ला, १९६८ चा चित्रपट, नागस्वरवादकाच्या भूमिकेत शिवाजी गणेशन. सर्वांत आधी हात वर गेला होता आजींचा.

“आणि मराठी?” मी विचारले.

“दिवाळीनंतर,” रायर म्हणाले. ते मराठीत म्हणाले.