लांब सुई आणि मानवेल

क्रोशाचे विणकाम आपल्याकडे रुखवतात मिरवते, दारावर तोरण होऊन लटकते. त्याची सुई म्हणजे आकड्याची वीतभर काडी. ट्युनिशियन क्रोशाला मात्र ती पुरत नाही. नाव आफ्रिकेतले आणि भरभराट एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातली, असा हा प्रकार. नेहमीच्या क्रोशात टाका पुरा झाला की सुईवरून उतरतो. इथे अख्खी ओळ सुईवर मुक्काम करते. म्हणून सुई हवी फूटभर लांब, सरळ, एकसारख्या जाडीची; एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला टाके निसटू नयेत म्हणून बोंड. अंगठ्यासाठी मध्येच चपटी केलेली सुई इथे कामाची नाही, कारण त्या जागी टाके अडतात.

आरंभ वीस साखळ्यांनी करावा. जाताना प्रत्येक साखळीतून एकेक टाका उचलून सुईवर ठेवावा आणि वीस मोजावेत. येताना दोरा आधी एका टाक्यातून, मग दोन-दोन टाक्यांतून ओढत शेवटी एकच टाका उरेपर्यंत यावे. काम उलटवायचे नाही. उजवी बाजू सदैव आपल्यासमोर. पुढच्या ओळीत समोरच्या उभ्या धाग्यांखालून सुई घालावी. वीण दाट होते आणि कडा गुंडाळू पाहतात. त्यावर उपाय एकच: दोऱ्याला चार मिलिमीटरची सुई सांगितली असेल, तर साडेपाच-सहाची घ्यावी आणि हात सैल ठेवावा.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. इथे लोकरीपेक्षा सुती दोरा बरा, आणि घामेजल्या बोटांना धातूपेक्षा बांबू. अशी सुई आम्हांला गावच्या बाजारात मिळाली नाही. ती आम्ही एका बुरड कारागिराकडून करवून घेतली. त्यांनी कटांग बाजूला सारला आणि मानवेल निवडला. आपल्या कोरड्या जंगलातला मानवेल बराचसा भरीव असतो. दोन गाठींमधले सलग पेर घेऊन त्यांनी ते सुरीने तासले, आकडा कोरला, पॉलिश पेपरने घासून तेलाचा हात दिला. बारीकसे कूस राहिले तरी दोरा अडकतो, हे त्यांना सांगावे लागले नाही. सूप विणणाऱ्या बोटांना ते ठाऊकच असते.

ज्या वस्तूला आपण ‘खास सुई’ म्हणतो, तिच्यातला खासपणा या हातांचा आहे. आणि या हातांपर्यंत बांबू पोहोचणे कधीच सोपे नव्हते. चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. त्याच्या जंगलांतला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत लगदा होत राहिला. वनस्पतिशास्त्रात गवत असलेल्या बांबूला १९२७ च्या वन कायद्याने झाड ठरवले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले. २००९ साली मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला तो २०१७ मध्ये.

आता चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कच्चा माल आहे, कसबही आहे. प्रश्न मोलाचा आहे. आमच्या सुईचे त्या कारागिरांनी वीस रुपये सांगितले, कारण सूप-टोपल्यांच्या हिशेबात त्यांच्या अर्ध्या दिवसाची किंमत तेवढीच ठरत आली होती. बाहेरून मागवलेल्या तशाच सुईला आपण काही शे रुपये निमूटपणे मोजतो. आम्ही बाहेरचा भाव दिला. ते संकोचले, आम्हीही संकोचलो, कारण ते औदार्य नव्हते, नुसता हिशेब होता.

तेव्हा हे विणकाम शिकू इच्छिणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच: या दोन जिल्ह्यांत असाल तर सुई कारागिराकडून घडवून घ्या, जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, आणि घासाघीस करू नका. पहिला वीस टाक्यांचा चौकोन वाकडा आला तरी चालेल. सुई मात्र दहा वर्षे टिकेल.